ग्राहकाच्या समजुतीवर कमवायचं की गैरसमजावर?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. तुम्ही दोन वर्षं डिजिटल मार्केटिंगमध्ये आहात. रेकॉर्ड केलेला एक ऑनलाइन कोर्स विकण्याचं काम तुमच्याकडे आहे. वरिष्ठांनी दोन गोष्टी करायला सांगितल्या आहेत. पानावर ‘फक्त ७ जागा शिल्लक’ असं लिहून खाली उलटी मोजणी करणारं घड्याळ लावायचं, आणि ‘आमच्या विद्यार्थ्यांचं उत्पन्न दुप्पट झालं’ हा ठळक मथळा द्यायचा. रेकॉर्ड केलेल्या कोर्सला जागांची मर्यादा कसली, हे तुम्हाला कळतंय. उत्पन्न दुप्पट झालेले विद्यार्थी आहेत, पण मोजकेच. वरिष्ठ म्हणतात, ‘जाहिरात म्हटली की थोडं वाढवून सांगणं आलंच, सगळेच करतात.’ आणि तुम्ही विचारताय, मग रेघ ओढायची कुठे?

घड्याळ लावू नका. मथळा आहे तसा देऊ नका. उत्तर एवढंच हवं असेल तर इथे थांबलात तरी चालेल. पण पुढच्या महिन्यात वेगळं घड्याळ आणि वेगळा मथळा समोर येणार आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

मी या धंद्यात २२ वर्षं आहे. निम्मी जाहिरात एजन्सीत कॉपी, म्हणजे जाहिरातीचा मजकूर, लिहिण्यात गेली, निम्मी कंपन्यांच्या बाजूला बसून एजन्स्यांकडून काम करून घेण्यात. सुरुवातीला मलाही वाटायचं की रेघ खरं आणि खोटं यांच्या मधून जाते. तशी ती जात असती तर आपलं काम फार सोपं झालं असतं. पण लोक फसतात ते बहुतेक वेळा खऱ्या शब्दांनीच. त्यामुळे आता मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो: ही विक्री ग्राहकाला नीट समजल्यामुळे होतेय की नीट न समजल्यामुळे? सगळं कळल्यावरही त्याने वस्तू घेतलीच असती, तर मी ती कितीही रंगवून सांगितली तरी मला झोप लागते. कळल्यावर तो मागे फिरला असता, आणि हे मला आधीच ठाऊक आहे, तर मी त्याच्या गैरसमजावर पैसे कमावतोय.

धादांत खोट्यावर फार वेळ घालवत नाही. फोक्सवॅगनने ‘क्लीन डिझेल’ म्हणून विकलेल्या गाड्यांमध्ये चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरतं प्रदूषण कमी दाखवणारं सॉफ्टवेअर होतं, हे २०१५ मध्ये उघड झालं. तिथे विषय नीतीचा राहत नाही, कायद्याचा होतो. आपल्यासाठी त्यातला धडा एवढाच, की जाहिरात लिहिणाऱ्याला इंजिनाच्या आत काय आहे ते दिसत नसतं. तेव्हा दावा लिहिण्याआधी कागद मागायचा. ‘हे कशावरून?’ हा प्रश्न विचारायला लाजायचं नाही. उत्तर द्यायला समोरचा चिडला, तर ते चिडणंही एक उत्तर असतं.

आता वरिष्ठांच्या ‘थोडं वाढवून सांगणं’ याकडे येऊ. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. अतिशयोक्ती हा अलंकार आहे आणि ऐकणाऱ्याला तो अलंकार म्हणूनच कळतो. ‘जगातला सर्वांत गोड आवाज’ असं म्हटल्यावर कोणी मोजमाप मागत नाही. गोंधळ होतो तो अलंकाराने हळूच दाव्याचे कपडे घातले की. १८९१ मध्ये इंग्लंडमध्ये ‘कार्बोलिक स्मोक बॉल’ नावाच्या उपकरणाची जाहिरात आली होती. सांगितल्याप्रमाणे वापरूनही इन्फ्लुएंझा झाला तर १०० पौंड देऊ, आणि आम्ही हे मनापासून म्हणतोय हे दाखवायला १,००० पौंड बँकेत ठेवलेत, असं तीत लिहिलं होतं. एका बाईंनी ते उपकरण वापरलं, तरी इन्फ्लुएंझा झाला, आणि त्यांनी पैसे मागितले. कंपनी कोर्टात म्हणाली, ती नुसती जाहिरातबाजी होती, कोण मनावर घेतं! १८९२ मध्ये अपील कोर्टाने ते ऐकलं नाही. पैसे बँकेत ठेवल्याचं स्वतःहून सांगता, म्हणजे लोकांनी विश्वास ठेवावा हीच तुमची इच्छा होती, असा त्या निकालाचा सूर आहे. कायद्याचे विद्यार्थी हा खटला करार शिकायला वाचतात. कॉपी लिहिणाऱ्यांनीही तो वाचावा.

रेड बुलचं प्रकरण याच्या उलट बाजूने बघण्यासारखं आहे. ‘पंख फुटले नाहीत म्हणून कंपनीने पैसे भरले’ असा विनोद अजून फिरतो. २०१४ मध्ये अमेरिकेत कंपनीने १ कोटी ३० लाख डॉलरची तडजोड केली हे खरं, पण पंखांचा मुद्दा गौण होता. पेय प्यायल्याने एकाग्रता आणि प्रतिसादाचा वेग वाढतो, हे दाखवणाऱ्या दाव्यांना पुरेसा आधार नाही, अशी ती तक्रार होती. पंख फुटतात असं कोणी मानत नाही. एकाग्रता वाढते असं मात्र कोणीही मानू शकतं, आणि त्यापायी जास्त पैसे मोजू शकतं. तुमच्या मथळ्याला हीच फूटपट्टी लावा. ‘आयुष्य बदलून टाकणारा कोर्स’ हे पंख झाले. ‘उत्पन्न दुप्पट’ हा आकडा आहे, आणि तो वाचून माणूस घरी बसून हिशोब मांडतो.

यापुढचा भाग सगळ्यांत निसरडा. शब्द खरे, पण डोक्यात उरतं ते खोटं. आपल्या भाषेत याला ‘नरो वा कुंजरो वा’ म्हणतात, आणि तारांकित अटींना इतकं चपखल नाव मला दुसरं सापडलेलं नाही. अश्वत्थामा मेला हे मोठ्याने सांगायचं. माणूस की हत्ती, हे शंखांच्या आवाजात बुडू द्यायचं. मथळा साठ पॉइंटच्या मोठ्या अक्षरांत, हत्ती सहा पॉइंटच्या बारीक अक्षरांत. धर्मराजाचा जमिनीपासून चार बोटं वर चालणारा रथ त्या एका वाक्याने खाली आला म्हणतात. आपल्याकडे तसं काही दिसत नाही. उलट त्या तिमाहीत बोनस मिळतो.

मी स्वतः हे केलेलं आहे. एजन्सीतल्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी एका इंटरनेट कंपनीसाठी मथळा लिहिला होता. वेगाचा मोठा आकडा आणि त्याच्या शेपटीला बारीक ‘पर्यंत’. खाली तारा, ताऱ्याची अट पानाच्या तळाशी. वकिलांनी मंजुरी दिली, कारण एकही शब्द खोटा नव्हता. पुढे दुसऱ्याच कामासाठी मला एक दिवस त्या कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये बसून फोन ऐकावे लागले. एक वयस्कर गृहस्थ अजिबात आवाज न चढवता सांगत होते, ‘मी तुमची जाहिरात दोनदा वाचून मगच घेतलं हो.’ दोनदा वाचून! माझ्या ‘पर्यंत’वरून त्यांची नजर दोन्ही वेळा घसरली होती. ती घसरावी म्हणूनच मी तो तसा ठेवला होता, हे मला त्या खोलीत कबूल करावं लागलं. मी काही राजीनामा वगैरे दिला नाही. पुढच्या जाहिरातीत नेहमी मिळणारा वेग मथळ्यात घेण्याचा आग्रह धरला, तो निम्मा मान्य झाला. त्या तिमाहीत नवीन जोडण्या कमी झाल्या. हे मुद्दाम सांगतोय, कारण ‘प्रामाणिकपणा नेहमीच फायद्याचा असतो’ असं छापणारे लोक मला कधी पटले नाहीत. कधीकधी तो महाग पडतो.

खऱ्या गोष्टीचा खोटा देखावा हा याचाच भाऊ. १९५९ च्या सुमारास अमेरिकेत ‘रॅपिड शेव्ह’ या दाढीच्या क्रीमची टीव्हीवर जाहिरात लागायची. सँडपेपरवर क्रीम लावायची, लगेच ब्लेड फिरवायचं, कागद गुळगुळीत. ती क्रीम सँडपेपर खरोखरच मऊ करायची, फक्त त्याला सुमारे ८० मिनिटं भिजत ठेवावं लागायचं. जाहिरातीत वापरली होती ती प्लास्टिकची काच, वर वाळू चिकटवलेली. कंपनीचा युक्तिवाद साधारण असा, की टीव्हीवर दाखवायला काही युक्त्या कराव्याच लागतात. १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला, कारण ‘स्वतःच्या डोळ्यांनी बघा’ असं प्रेक्षकाला सांगून त्याच्या डोळ्यांना दुसरंच काही दाखवलं होतं. आज वापरण्याआधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी ठेवताना प्रकाश बदलतो, कोन बदलतो, एका फोटोत माणूस हसतो. तीच वाळू, तीच काच.

ग्राहकांचे अभिप्राय निवडून दाखवणं त्याहून धूर्त आहे, कारण दाखवलेला प्रत्येक अभिप्राय खरा असतो. फॅशन नोव्हा या कपड्यांच्या कंपनीवर फसव्या व्यापारावर नजर ठेवणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनचा आरोप होता, की चार आणि पाच तारे असलेले अभिप्राय आपोआप प्रसिद्ध व्हायचे आणि त्याखालचे लाखो अडकवून ठेवले गेले. २०२२ मध्ये कंपनीने ४२ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. तुमचे ‘उत्पन्न दुप्पट’वाले विद्यार्थी याच जातकुळीतले आहेत. ते खरे आहेत. बाकीचे कुठे आहेत?

आणि ‘पुढे दुरुस्त करू’ यावर भरवसा ठेवू नका. लिस्टरिन हे तोंड धुण्याचं औषध सर्दी आणि घसादुखी टाळतं, असा प्रचार कित्येक दशकं चालला. १९७५ मध्ये याच फेडरल ट्रेड कमिशनने तो थांबवायला सांगितलंच, पण तेवढ्यावर भागणार नाही हेही ओळखलं, कारण दावा लोकांच्या डोक्यात मुरला होता. म्हणून पुढच्या सुमारे १ कोटी डॉलरच्या जाहिरातींमध्ये ‘लिस्टरिनने सर्दी किंवा घसादुखी टळत नाही’ अशा अर्थाचं वाक्य घालायची सक्ती झाली. एक गैरसमज पुसायला तेवढा खर्च.

आता आपल्या काळातली गोष्ट, जिच्याबद्दल आपल्या व्यवसायात फारच कमी बोललं जातं. पूर्वी फसवी जाहिरात कोणीतरी बसून लिहायचं. आज ती आपोआप तयार होऊ शकते. तुम्ही ए/बी टेस्ट लावता, म्हणजे एकाच पानाची दोन रूपं वेगवेगळ्या लोकांना दाखवून कुठलं जास्त विकतं ते बघता. एका पानावर ‘वार्षिक रक्कम आज कापली जाईल’ हे वाक्य बटणाच्या वर आहे, दुसऱ्यावर ते खाली सरकलंय. दुसरं पान जिंकतं. कोणी फसवायचं ठरवलेलं नसतं, मीटिंगमध्ये फक्त हिरवा बाण दिसतो. पण जिंकलेलं पान का जिंकलं, हे टेस्ट सांगत नाही. लोकांना ते अधिक स्पष्ट वाटलं म्हणून, की रक्कम दिसली नाही म्हणून? दोन्हींचा बाण हिरवाच असतो. अशा पन्नास टेस्ट एकावर एक रचल्या की जे पान उभं राहतं, ते एखाद्या भामट्याने विचार करून बनवल्यासारखं दिसतं, आणि टीममध्ये तर एकही भामटा नसतो. टेस्टचं यंत्र ग्राहकाची समजूत आणि गैरसमज यांत फरक करत नाही. तो फरक करायला तिथे माणूस बसवावा लागतो.

यातल्या अनेक युक्त्यांना आता नाव आहे. हॅरी ब्रिग्नल या डिझायनरने २०१० मध्ये ‘डार्क पॅटर्न’ हा शब्द रूढ केला. आधीच टिचकी मारलेला चौकोन, शेवटच्या पायरीला उगवणारं शुल्क, एका क्लिकमध्ये सुरू आणि सात पानांनंतर बंद होणारं सदस्यत्व. ॲमेझॉन प्राइमचं सदस्यत्व रद्द करण्याच्या लांबलचक प्रक्रियेला कंपनीत आतल्या आत ‘इलियड’ म्हणत, असं फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ च्या दाव्यात नमूद केलं होतं. दीर्घ युद्धाचं महाकाव्य! २०२५ मध्ये कंपनीने दोष कबूल न करता २५० कोटी डॉलरवर तडजोड केली. मला त्यात रकमेपेक्षा ते नाव महत्त्वाचं वाटतं. ऑफिसात एखाद्या गोष्टीवर असा विनोद सुरू झाला, की आपण काय करतोय हे सगळ्यांना कळलेलं असतं. मी टीममधले विनोद कान देऊन ऐकतो. नीतीचं ऑडिट त्याहून स्वस्तात होत नाही.

तुमच्या घड्याळालाही पूर्वज आहेत. हॉटेलच्या खोल्या विकणाऱ्या बुकिंग डॉट कॉमने २०१९ च्या शेवटी युरोपीय आयोगाला काही वचनं दिली. ‘शेवटची खोली’ असं म्हणताना ती फक्त आपल्या साइटवरची शेवटची आहे हे स्पष्ट करायचं, आणि नंतरही तोच भाव मिळणार असेल तर सवलतीला मुदत आहे असं भासवायचं नाही. बघा, टंचाई सांगण्याला कोणाची हरकत नव्हती. खरी टंचाई सांगणं ही तर सेवाच झाली. मध्यरात्री शून्यावर येऊन पुन्हा चोवीस तासांवर जाणारं घड्याळ मात्र ग्राहकाचा विचार करण्याचा वेळ चोरतं. त्याने दोन दिवस विचार केला तर तो घेणार नाही, ही भीती कंपनीला आहे, म्हणून ते घड्याळ आहे. म्हणजे माझ्या प्रश्नाचं उत्तर कंपनीनेच देऊन टाकलंय.

इथपर्यंत मी धरून चाललो की समोरचा धडधाकट, शिकलेला, निवांत माणूस आहे. तो तसा नसेल तर रेघ बरीच अलीकडे येते. तीच वाक्यं, तोच फोटो, पण वाचणारं मूल असेल, नुकतंच आजाराचं निदान झालेलं कोणी असेल, रात्री दोन वाजता ‘आजच कर्ज’ शोधणारा असेल. लहान मुलांना जाहिरात आणि कार्यक्रम यांतला फरकच धड कळत नाही. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात सहा वर्षांची मुलं सिगारेटच्या जाहिरातीतल्या ‘जो कॅमल’ या उंटाला जवळपास मिकी माउसइतक्याच सहज ओळखत होती. ते उंटाचं चित्र १९९७ मध्ये मागे घेतलं गेलं. स्वीडनने १९९१ पासून बारा वर्षांखालील मुलांना उद्देशून टीव्हीवर जाहिरात करायला बंदी घातली. कॅनडातल्या क्युबेकमध्ये तेरा वर्षांखालच्यांसाठी त्याआधीपासून, १९८० पासून, बंदी आहे.

बाळाच्या दुधाच्या पावडरीचं उदाहरण मी नव्या मुलांना नेहमी सांगतो, कारण त्यात वस्तू वाईट नव्हती. १९७० च्या दशकात गरीब देशांत कंपन्यांनी तिचा जोरदार प्रचार केला, प्रसूतिगृहांत फुकट नमुने दिले. नमुना संपेपर्यंत आईचं दूध आटायला लागलेलं. मग पावडर विकत घेणं भाग. पैसे पुरेनात म्हणून ती पातळ केली जायची, आणि पाणी अस्वच्छ. स्वच्छ पाणी आणि पुरेसे पैसे असलेल्या घरात हाच नमुना निरुपद्रवी ठरला असता. १९७७ मध्ये नेस्लेवर बहिष्काराची मोहीम सुरू झाली आणि १९८१ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने अशा पदार्थांच्या विक्रीसाठी आंतरराष्ट्रीय संहिता ११८ विरुद्ध १ मतांनी मंजूर केली. जाहिरात कोणत्या घरात उतरणार आहे, हे न बघता तिच्या नीतीबद्दल काही बोलताच येत नाही, असं मला त्यावरून वाटत आलंय.

पूर्वी ‘ती कोणाच्या हाती पडेल हे आम्हाला कुठे ठाऊक?’ असं म्हणायची सोय होती. टार्गेटिंगने ती सोय काढून घेतली. आता आपण घर, वय, वेळ, आधी काय शोधलं, सगळं निवडून बाण सोडतो. कर्जबाजारी माणूस निवडायचा आणि वर ‘त्यानेच क्लिक केलं’ म्हणायचं, हे मला चालत नाही. मी जुगार आणि झटपट कर्ज यांची कामं घेत नाही. दुसऱ्याने घेतली तर मी त्याला शिव्या देत नाही, पण कोणाला लक्ष्य करतोस ते मात्र विचारतो.

कोण बोलतंय हे लपवणं, यावर थोडक्यात. १९२९ मध्ये न्यूयॉर्कच्या ईस्टर संचलनात काही तरुणींनी रस्त्यावर सिगारेटी पेटवल्या आणि वृत्तपत्रांनी ते ‘स्वातंत्र्याच्या मशाली’ म्हणून छापलं. त्यामागे सिगारेट कंपनीसाठी काम करणारे एडवर्ड बर्नेज होते. मोहीम कल्पक होती यात शंका नाही. पण ही कंपनीने घडवलेली बातमी आहे असं सोबत छापलं असतं, तर तिच्यात काय उरलं असतं? पैसे घेऊन केलेली शिफारस ‘सहज सापडलं, तुम्हाला सांगावंसं वाटलं’ म्हणून मांडणारा इन्फ्लुएन्सर हीच मशाल धरतो. पैसे घेतलेत तर सांगा, पहिल्याच ओळीत सांगा. पंचविसाव्या हॅशटॅगमध्ये सांगणं म्हणजे पुन्हा कुंजर.

दुसऱ्या बाजूने, ज्यांना लोक उगाच पाप समजतात अशाही काही गोष्टी आहेत. भावनेला हात घालणं पाप नाही. माणूस भावनेनेही निर्णय घेतो, आणि छत्री विकताना पावसाचं सुंदर चित्र काढलं तर कोणी नागवलं जात नाही. भीती दाखवणंही सरसकट वाईट नाही. सीट बेल्टच्या जाहिरातीने घाबरवलंच पाहिजे; भीती खऱ्या धोक्याएवढी असावी आणि सुचवलेला उपाय खरोखर चालावा, एवढंच. आणि ‘जाहिराती नकळत मेंदूवर ताबा मिळवतात’ ही जुनी धास्ती तर बरीचशी एका थापेवर उभी आहे. १९५७ मध्ये जेम्स व्हिकरी यांनी सांगितलं होतं, की सिनेमाच्या पडद्यावर क्षणभर संदेश चमकवून त्यांनी कोका-कोला आणि पॉपकॉर्नचा खप वाढवला. १९६२ मध्ये त्यांनीच तो सगळा बनाव असल्याचं कबूल केलं. लोक अदृश्य संदेशांना घाबरत राहिले आणि डोळ्यांसमोरच्या सहा पॉइंटच्या अटीवर सही करत राहिले.

‘निसर्गस्नेही’ वगैरे विशेषणांबद्दल माझं मत हल्ली कडक होत चाललंय. कशाच्या तुलनेत, उत्पादनाचा कोणता भाग, कोणी तपासलं, या तीन प्रश्नांची उत्तरं नसतील तर मी तो शब्दच काढतो. युरोपीय संघाने २०२४ मध्ये आधाराशिवाय अशी मोघम विशेषणं वापरायला मनाई करणारा निर्देशही संमत केला आहे.

आता रेघ ओढायची केव्हा, जे मला ‘कुठे’पेक्षा महत्त्वाचं वाटतं. टार्गेट चुकायला आठवडा उरलेला असताना ओढलेली रेघ नेहमी टार्गेटच्या पलीकडे जाते. मी ती ब्रीफच्या वेळी, म्हणजे जाहिरातीत काय हवं हे ठरवून काम सोपवतानाच, ओढतो, लेखी. प्रत्येक दाव्यापुढे त्याचा पुरावा आणि तो कोणी दिला, एवढा एक साधा तक्ता. दुसरं, मोहीम सुरू होण्याआधी कामाशी संबंध नसलेल्या पाच जणांना जाहिरात दाखवतो, मग ती झाकून ठेवतो आणि विचारतो, ‘तुम्हाला काय मिळणार आहे, किती पैशांत, आणि आवडलं नाही तर काय?’ ‘आवडली का?’ हे विचारत नाही. पाचांतल्या तिघांचं उत्तर चुकलं तर वकिलांची मंजुरी माझ्या लेखी बाद. यात चुकलेल्यांना हसणारा एक जण मीटिंगमध्ये हमखास असतो. त्याला दुसऱ्या दिवशी कॉल सेंटरमध्ये बसवायचं.

तुमचं पद बघता एक व्यवहाराची गोष्ट. दोन वर्षांच्या अनुभवावर प्रत्येक बाबतीत राजीनामा खिशात ठेवून फिरता येत नाही, आणि तसा सल्ला देणाऱ्यांचं भाडं बहुधा दुसरं कोणी भरत असतं. मी मनात तीन कप्पे ठेवतो. काही गोष्टी नापसंत असूनही करतो, उदाहरणार्थ किमतीच्या शेवटी नऊचा आकडा किंवा अंगावर येणारे पॉप-अप. काही करायला नकार देतो, पण नोकरी सोडत नाही. तुमचं घड्याळ या कप्प्यातलं. आणि थोड्या गोष्टी अशा, की त्या झाल्या तर मी तिथे राहत नाही: आरोग्याबद्दल खोटा दावा, मुलांना लक्ष्य करणं, धोका ठाऊक असून तो दडवणं. तुमचे कप्पे वेगळे असतील, पण ते आज भरा. दबाव आल्यावर फक्त पहिलाच कप्पा सापडतो.

वरिष्ठांशी बोलताना नीतीच्या शब्दांनी सुरुवात करू नका. त्यांना ते स्वतःवरचा आरोप वाटेल आणि बोलणं तिथेच संपेल. गेल्या सहा महिन्यांतल्या परताव्याच्या मागण्या काढा आणि लोकांनी दिलेली कारणं वाचा. ‘मला वाटलं होतं की…’ ने सुरू होणारी किती आहेत ते मोजा. ते प्रत्येक वाक्य म्हणजे जाहिरातीने विकलेला एकेक गैरसमज आहे, आणि त्याची किंमत परतावा, सपोर्टचा वेळ आणि वाईट अभिप्राय या रूपात कंपनीनेच भरलेली आहे. तरीही त्यांनी ‘लाव घड्याळ’ म्हटलं, तर तुमची हरकत दोन ओळींच्या मेलमध्ये नोंदवा, सभ्य भाषेत, पर्यायासकट.

पर्याय असा देता येईल. तुमच्या कोर्ससोबत शंका विचारायला प्रत्यक्ष सत्रं असतील, तर तिथे जागांची मर्यादा खरी असते. तोच आकडा दाखवा, आणि जागा भरल्या की तो पर्याय खरोखर बंद करा. सत्रं नसतील तर ‘हा कोर्स कधीही सुरू करता येतो’ हेच ठळक लिहा. अनेकांना तीच सोय हवी असते. मथळ्यासाठी सगळ्या विद्यार्थ्यांना एक साधी प्रश्नावली पाठवा. किती जणांना पाठवली, किती जणांनी उत्तर दिलं आणि त्यातल्या किती जणांचं उत्पन्न किती काळात वाढलं, हे तिन्ही आकडे शेजारी शेजारी, सारख्याच अक्षरांत छापा. आकडे अगदीच मरतुकडे निघाले, तर उत्पन्नाचा विषय सोडा आणि कोर्समध्ये काय शिकवलं जातं ते विका. आणि घड्याळ असलेलं पान विरुद्ध नसलेलं पान अशी टेस्ट वरिष्ठांना हवीच असेल, तर हरकत म्हणून मेल पाठवा आणि अट म्हणून एवढं मागा, की विजेता पहिल्या आठवड्याच्या विक्रीवर ठरणार नाही. परताव्याची मुदत संपेपर्यंत थांबा, परत गेलेले पैसे दोन्ही बाजूंतून वजा करा, आणि मग बाण कुठे वळतो ते त्यांच्यासोबत बसून बघा.